रंगनाथला उरलेलं एक अक्षर

गाडीवरून उतरल्यावर बाकीचे ड्रायव्हर अंघोळीला पाणी मागतात, चहा मागतात. राहीबाईचा रंगनाथ ऐकायला माणूस मागायचा. संगमनेरच्या पुढे हायवेच्या कडेला ट्रक लावून तो वस्तीकडे चालू लागला, की बांधावरूनच त्याचं बोलणं सुरू व्हायचं. कुठल्या घाटात गाड्या अडकल्या, सुरतच्या व्यापाऱ्यानं टोमॅटोचे क्रेट कसे उलटेपालटे करून बघितले, बंगळुरूच्या मंडईत कोण हमाल कुणाला काय बोलला, सगळं सोंगासकट. राहीबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "आरं, घास तरी गीळ. त्वांड हाय का जातं?"

"जातं थांबलं तर पीठ कुठलं, आय? तू भाकर टाक."

लहानपणी मात्र तो असा बोलका नव्हता. बाप गोरक्ष साखर कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहायचा, आणि रंगनाथ त्या गाडीत उसाच्या मोळ्यांवर आडवा पडून मुकाट्यानं आभाळ बघायचा. बाप गेला तेव्हा तो पाचवीत होता. पोटाच्या दुखण्यानं गोरक्षनं अंथरूण धरलं होतं. शेवटचे दोन दिवस तो, केव्हाच वारलेल्या आपल्या आईला हाका मारत होता. "आये, आलो. थांब, आलो." दाराकडे बघून बोलायचा, जणू कुणी खरंच तिथं उभं आहे. राहीबाईची सासरकडची थोरली माणसं तेव्हा म्हणाली होती, त्याला न्यायला आली आहे, आता हा राहत नाही. तो राहिला नाही. ते दोन दिवस राहीबाईच्या कानातून पुढं कधी गेले नाहीत.

दहावीनंतर रंगनाथ ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि त्याची जीभ सुटली. क्लीनरला बोलावंच लागतं. रस्ता विचारायचा, नाक्यावर गयावया करायची, धाब्यावर जादा कांदा मागायचा. मग त्याच्या हाती गाडी आली, आणि तो डाळिंब, कांदा, टोमॅटो घेऊन कुठं कुठं जाऊन आला. जाईल तिथली चार वाक्यं घेऊन यायचा. कुणी घरी मिठाई आणतं, कुणी साडी आणतं; हा वाक्यं आणायचा.

त्याची लेक सृष्टी पहिलीत बाराखडीला अडकली होती, तेव्हाची गोष्ट. 'ब'ला काना दिला की काय होतं हे तिला काही केल्या सांगता येईना. रंगनाथनं तिला मांडीवर ओढलं.

"बा. ह्ये येक अक्षर नीट शीक. ह्येच्यावर निम्मा देश फिरून येशील. आपल्यात बा म्हंजे कोन?"

"आजोबा."

"तुजा आजोबा त्यो माजा बा. बराबर. आता गाडी गेली गुजरातला. तिथं बा म्हंजे आय. धाब्यावरच्या म्हातारीला नुसतं 'बा, रोटलो आपो' म्हनलं की ताटात रोटला आन् वर गुळाचा खडा."

"म्हंजे तिकडं मी तुजा बा?" राहीबाई चुलीवरून म्हणाली.

"व्हय की. फेटा तेवढा बांध."

अश्विनी, त्याची बायको, हसत हसत पोळपाटावरून उठली. ती बी.ए. झालेली, संगमनेरच्या दूध संघाच्या कचेरीत कामाला. "आधी तिला बाराखडी येऊ द्या. परीक्षेत गुजरात येत नाही."

"थांब गं. आता कर्नाटक. तिथं बा म्हंजे ये. 'बा बा, ऊटा माडु.' ये ये, जेव. लई चांगली माणसं. मग गाडी वर गेली गोरखपूरला. तिथं बा म्हंजे आहे. 'का हाल बा?' 'सब ठीक बा.' आन् कलकत्त्याला बा म्हंजे किंवा. चा बा कॉफी. बोल, काय घेनार?"

सृष्टी म्हणाली, "कॉफी," आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं बाईंना बा म्हणजे काय ते पाच प्रकारे सांगितलं आणि बाकावर उभी राहून आली.

आषाढात त्याला झटका आला. सोबतचा ड्रायव्हर सूर्यभान मागच्या गाडीत होता. रंगनाथची गाडी उगाच कडेला लागलेली बघून तो उतरला, तर हा स्टिअरिंगवर कलंडलेला. सूर्यभाननंच दवाखान्यात नेलं, सूर्यभाननंच घरी फोन केला. रक्तदाब होता, हे कुणाला माहीत नव्हतं. त्याला स्वतःलाही नव्हतं. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय मेले, आणि बोलणं गेलं. नाशिकच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा तो ओसरीतल्या खाटेवर बसून, माणसं बोलली की त्यांच्या तोंडाकडे बघायचा. पोपटासारखा बोलणारा माणूस असा बघताना दिसला, की आलेली माणसं लवकर उठून जायची.

संगमनेरात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. अश्विनी आठवड्यातून एकदा रजा टाकून त्याला त्यांच्याकडे नेऊ लागली. मॅडम म्हणाल्या, पहिले काही महिने फार महत्त्वाचे. या दिवसांत जे परत येईल ते येईल. पुढं पुढं कठीण होत जातं.

आणि एका सकाळी, राहीबाई त्याचं तोंड पुसत होती, तेव्हा तो म्हणाला, "बा."

अगदी स्पष्ट. ओठ मिटून, उघडून. "बा."

राहीबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. अश्विनी डबा भरता भरता धावत आली, त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली. "परत म्हणा. परत एकदा." तो म्हणाला, "बा. बा." आणि अर्ध्या तोंडानं हसला. अश्विनी पदर तोंडात घालून रडली. त्या दिवशी ती कामावर उशिरा गेली आणि येताना पेढे घेऊन आली.

मॅडमनाही आनंद झाला. त्या म्हणाल्या, "हे एकच अक्षर त्यांच्या हाताला लागलंय. त्याला अर्थ असेल किंवा नसेलही. पाणी हवं असलं तरी बा म्हणतील, राग आला तरी बा म्हणतील. तुम्ही अडवू नका. ते बा म्हणाले की तुम्ही उत्तर द्या. बाहेर, बाळ, बास, असे शब्द पुढं करा. त्या एका दोरीला धरूनच बाकीचं वर ओढायचंय." अश्विनीनं सगळं नीट ऐकलं आणि घरी येऊन सासूला समजावलं. सासूला ती आत्या म्हणे. "आत्या, मी दिवसभर नसते. हे तुम्हालाच करायचंय."

"व्हय," राहीबाई म्हणाली. "करते की. मला दुसरं काय काम हाय."

आणि चार-पाच दिवस तिनं केलंही. मग शेजारची छबूबाई आली.

छबूबाई मनानं वाईट नव्हती. येताना रंगनाथसाठी ताकाचा तांब्या घेऊन आली होती. ती बसली, रंगनाथनं तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं आणि म्हणाला, "बा. बाऽ."

छबूबाईचा हात तांब्यावर थांबला. "राहे," ती हळूच म्हणाली, "ह्यो कुनाला हाक मारतोय?"

"कुनाला न्हाई. मॅडम म्हनल्या, त्येवढंच अक्षर येतंय त्येला."

"आक्षर व्हय. पर ह्येच का आलं? आय का न्हाई आलं? तो काय म्हनायचा गोरक्षभावजींना?"

राहीबाईनं तांब्या आपल्याकडे ओढला.

"मी काय म्हनत न्हाई. मॅडम शिकलेल्या. पर तूच बघितलंस ना तवा? भावजी दाराकडं बघून... जाऊ दे. ताक दे त्येला. आन् पितरपाट तोंडावर आलाय, ध्यानात ठेव."

छबूबाई गेली. राहीबाई ताकाचा तांब्या हातात धरून तशीच बसली. रंगनाथ दाराबाहेर बघत होता. बाहेर ऊन होतं, शेळी बांधलेली होती, दुसरं काही नव्हतं. "बा," तो म्हणाला, आणि राहीबाईनं तांब्या खाली ठेवून दार लोटून घेतलं.

त्या संध्याकाळी तिनं भिंतीवरचा गोरक्षचा फोटो काढून ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला. अश्विनीनं विचारलं तर म्हणाली, चौकटीला कसर लागली.

तिला मॅडमचं खोटं वाटत होतं असं नाही. मॅडमचंही खरं असेल. पण दोन्ही खरं धरून चालता येत नव्हतं. अक्षर नुसतंच असलं, तर ते अडवल्यानं बोलणं मागं पडेल. आणि हाक असली तर? बोलण्यावाचून माणूस जगतो. तिनं तराजूत दोन्ही घालून बघितलं, रोज बघितलं, आणि रोज एकच पारडं खाली गेलं. सुनेला विचारावं असं मनात यायचं. पण सून काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते ऐकून भीती जाणार नव्हती, हेही.

पितृपंधरवड्यात गोरक्षच्या तिथीला तिनं कधी नव्हे इतकं केलं. खीर, कढी, गवारीची भाजी, भजी, कुरडया. पान पत्र्यावर ठेवून ती खाली हात जोडून उभी राहिली. आयुष्यात नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. "आवो, जेवा आन् जावा," ती म्हणाली. "पोराला न्हेऊ नगा. त्येची लेक ल्हान हाय. तुमाला सोबत पायजे आसंल तर मी हाय की." कावळा आला, त्यानं भज्यात चोच घातली. राहीबाईचा जीव भांड्यात पडला. ती हलक्या पावलांनी ओसरीत आली, तर रंगनाथ मान वळवून तिच्याकडे बघत म्हणाला, "बा."

त्या दिवसापासून ती त्याला गप्प करू लागली.

आधी नुसतं बोट ओठावर. "शू. न्हाई म्हनायचं तसं." मग त्यानं तोंड उघडलं रे उघडलं की ती घास पुढं करायची. मग एक दिवस तो बा, बा, बा करत सुटला. बहुधा त्याला लघवीला लागली होती, किंवा ऊन तोंडावर आलं होतं, कोण जाणे. घाबरून तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नव्हे. लहान मूल झोपेत दचकलं तर ठेवतो तसा. तो थांबला. तिनं हात काढला. तो बोलला नाही. तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाना माजा." मग रोजचंच होऊन बसलं.

सूर्यभान भेटायला आला तो याच दिवसांत. गुजरातहून येताना हायवेला गाडी लावून, चप्पल वाजवत, बांधावरून ओरडतच आला. "काय रंगाशेठ! का हाल बा?"

रंगनाथचा चेहरा असा फुलला की राहीबाई बघत राहिली. "बाऽ!" तो म्हणाला.

"सब ठीक बा? आरं, चा घेतोस बा कॉफी?"

"बा, बा!" डावा हात खाटेवर आपटत रंगनाथ हसायला लागला. तोंडाच्या एका कडेनं लाळ गळत होती, पण हसणं जुनंच होतं.

"मावशे, बघ, बघ. ह्येला सगळं कळतंय. चाल बघ बोलन्याची. येक अक्षर हाय पन दर येळंला निराळं वाजतंय. बा रं, जवळ बा, तिकडं काय बसलाय—"

"सूर्यभान!" राहीबाई ओरडली. "त्ये आक्षर काढू नगंस माज्या घरात."

सूर्यभान चपापला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा समजून चिडली. "मावशे, मी चिडवत न्हाई त्येला. आमचं गाडीवरचं बोलनं हाय त्ये."

राहीबाई त्याला मागच्या अंगाला घेऊन गेली आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. सूर्यभान मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मावशे, गुजरातेत आयलाच बा म्हनत्यात. रंगाला ठावं हाय. त्यो तुलाच हाक मारीत आसंल की."

"मला आसंल तर मी हितंच हाय. मला हाक न्हाई मारली तरी मी हितंच हाय," राहीबाई म्हणाली. "पर मला नसंल तर? तू सांग. नसंल तर मी काय करू?"

सूर्यभान परत ओसरीत येऊन बसला, पण मग त्यानंही बा काढलं नाही. पाऊसपाण्याचं, डिझेलचं बोलला. रंगनाथ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. एकदा त्यानं ओठ मिटले, राहीबाईकडे पाहिलं आणि तसेच मिटलेले ठेवले. चहा पिऊन सूर्यभान गेला.

नवरात्र उरकल्यावर मॅडमकडे जाताना अश्विनी म्हणाली, "आत्या, या वेळी तुम्हीपण चला. दिवसभर तुम्हीच करून घेता, तुम्हाला काही विचारायचं असेल." राहीबाईला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

मॅडमनी चित्रं पुढं ठेवली. बाहुली. बादली. बाळ. मागच्या खेपेला रंगनाथ निदान सूर लावत होता. या खेपेला त्यानं चित्राकडे पाहिलं, तोंड उघडायला गेला आणि थांबला. परत बादली. परत तेच. मॅडमनी पाण्याचा पेला त्याच्यापुढं धरला आणि थोडा मागं घेतला. त्याला तहान होती. ओठ एकमेकांवर आले, गळ्याची घाटी हलली, आणि त्याची मान वळली.

"घरी म्हणतात का बा?" मॅडमनी विचारलं.

"म्हनतो की," राहीबाई म्हणाली.

मॅडमनी पेला त्याच्या डाव्या हातात दिला. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग बोलायच्या आधी ते दर वेळी तुमच्याकडे का बघतात, आजी?"

अश्विनीनं सासूकडे पाहिलं. राहीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग तिनं सांगितलं. ट्रंकेतला फोटो, पत्र्यावरचं पान, हात, सगळं सांगितलं. रंगनाथ तोंडाकडे बघत होता. आधी आईच्या, मग बायकोच्या.

"परत येईल?" अश्विनीनं विचारलं.

"प्रयत्न करू," मॅडम म्हणाल्या. "आधी गेलेलं आणणं वेगळं. आता त्यांना वाटतंय की बोलणं चूक आहे. ते काढायचंय." त्यांनी चित्रं गोळा करून अश्विनीच्या हातात दिली.

रिक्षात दोघी दोन कडांना बसल्या. मध्ये रंगनाथ बसला होता. वस्तीजवळ आल्यावर अश्विनी बाहेर बघतच म्हणाली, "आत्या, तुम्ही मला एकदा सांगायचं होतं."

"तू काय म्हनली आसतीस?"

"असं काही नसतं, म्हणाले असते."

"मंग?" राहीबाई म्हणाली. "त्ये तर मीबी सोताला म्हनत हुते की."

अश्विनीनं डोळे पुसले. तिला सासूवर ओरडायचं होतं, आणि ओरडायला तोंडात काही येत नव्हतं. सृष्टीला पहिल्यांदा ताप चढला होता तेव्हा, कॉलेज शिकलेली असूनही, तिनं मुकाट्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या, आणि डॉक्टरचं औषधही दिलं होतं. तिथं दोन्ही एकदम करता आलं होतं.

घरी आल्यावर राहीबाईनं ट्रंक उघडली आणि फोटो काढून होता तिथं लावला. दोरी खिळ्यात बसेना. सृष्टीनं स्टूल आणून दिलं. मग राहीबाई रंगनाथपुढं खाटेच्या कडेला बसली. अश्विनी आत भाकरीचं पीठ मळत होती, पण परातीचा आवाज थांबला होता. ऐकत होती.

"रंगा," राहीबाई म्हणाली. "म्हन आता. बा म्हन."

तो बघत राहिला.

"म्हन रं. कोन काय म्हनत न्हाई. मीच सांगते न्हवं? बा. माज्याकडं बघ. बा."

किती दिवसांत तिच्या स्वतःच्या तोंडून ते अक्षर निघालं नव्हतं. रंगनाथनं तिच्या ओठांकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटले. आता येईल असं वाटलं. राहीबाई पुढं वाकली. सृष्टी दाराला धरून उभी होती, तीही पुढं वाकली.

रंगनाथनं डावा हात उचलला. तिच्या मांडीवरचा तिचा हात त्यानं हळूच, घाई न करता उचलला, जणू ती काहीतरी विसरली होती, आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. मग तिच्याकडे पाहिलं.

हात काढून घ्यावा की तसाच राहू द्यावा, राहीबाईला कळेना. तळव्याखाली त्याचा श्वास गरम लागत होता.